२,४९६ बाइट आणि माझी चौदा महिन्यांची बचत

आकडे आधीच सांगून टाकते, कारण ते लपवण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. पहिल्या हप्त्यात पाच महिन्यांची, दुसऱ्यात सहा आणि तिसऱ्यात तीन, अशी एकूण चौदा महिन्यांची बचत मी एका माणसाच्या हवाली केली आणि बदल्यात 'कोणतीही फाइल, मग तिच्यातला डेटा पूर्णपणे यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेला, का असेना, चारशे पटींनी लहान करणारे' सॉफ्टवेअर घेतले. यातले काही कळत नाही म्हणून फसले असते, तर एवढे वाईट वाटले नसते. माझे कामच लोकांचे एन्क्रिप्ट केलेले बॅकअप सांभाळण्याचे आहे, आणि असा डेटा झिप केला की तो कमी होण्याऐवजी किंचित वाढतोच, हे मी रोज पाहते.

असे सॉफ्टवेअर असूच शकत नाही, हेही मला ठाऊक होते. त्याला मोठे गणित लागत नाही, नुसती मोजदाद पुरते. ठरावीक लांबीच्या जितक्या निरनिराळ्या फाइली संभवतात, त्यांच्या मानाने त्याहून लहान फाइली फारच थोड्या. एक बाइट जरी वाचवायचा म्हटला, तरी २५५ फाइलींपैकी फार तर एकीला लहान रूप मिळू शकते, बाकीच्यांना जागाच उरत नाही. मी हे त्याला तोंडावर सांगितलेही. तो हसून म्हणाला, "मॅडम, ते संभाव्य फाइलींबद्दल झाले. माणसाच्या हातात प्रत्यक्ष येणाऱ्या फाइली त्यातल्या चिमूटभर असतात." हे वाक्य खरे आहे, आणि हीच त्याची हुशारी. साधा मजकूर किंवा चित्रे लहान होतात ती त्यांच्यात पुनरावृत्ती असते म्हणूनच. गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ मध्ये माहितीचे माप ठरवले, ते याच पायावर. नेदरलँड्समधल्या यान स्लोट यांचाही दाखला त्याने दिला: आख्खा चित्रपट काही किलोबाइटमध्ये बसवल्याचा त्यांचा दावा होता आणि १९९९ मध्ये ते अचानक वारले, तेव्हा ते गुपितही त्यांच्याबरोबर गेले, असे तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. मेलेल्या माणसाचे गुपित विकणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

मग प्रात्यक्षिक. "फाइल तुम्हीच तयार करा, तुमच्याच संगणकावर," असे तो म्हणाला, आणि मला वाटले, यात लबाडीला वाव कुठे आहे? त्याने दिलेल्या चार ओळींच्या स्क्रिप्टने मी बरोबर १०,४८,५७६ बाइटची फाइल बनवली. ती झिप करून पाहिली; वाढली. प्रत्येक बाइटमागची एन्ट्रॉपी, म्हणजे त्यातल्या अनिश्चिततेचे माप, मोजली. ८ पैकी ७.९९९८ बिट. याहून जास्त काय तपासायचे? त्याच्या प्रोग्रामने ती २,५०० बाइटची केली, ती मी पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या, नेटला न जोडलेल्या संगणकावर नेली, उलगडली, आणि मूळ फाइलशी ताडून पाहिली. एका बिटाचाही फरक नव्हता. मी त्याच दिवशी पहिला हप्ता भरला.

आता तो क्षण, जो आठवला की आजही अंग जळते. पैसे भरण्यापूर्वी मी दोन्ही फाइली, एकेक बाइट दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये, शेजारी शेजारी उघडल्या होत्या. पहिली ओळ हुबेहूब सारखी. दुसरीही. लहान फाइलचे पहिले २,४९६ बाइट हे मोठ्या फाइलचेच पहिले २,४९६ बाइट होते, आणि मागे चार बाइट वेगळे. "फाइलची ओळख सांगणारे हेडर असते ते," असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. अडीच हजार बाइटच्या फाइलला अडीच हजार बाइटचे हेडर! २,४९६ म्हणजे ६२४ गुणिले ४. मर्सेन ट्विस्टर नावाचा, अनेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या तयार करायला वापरला जाणारा जनरेटर आपली आतली स्थिती ३२ बिटांच्या ६२४ संख्यांमध्ये ठेवतो. त्याच्या सलग ६२४ संख्या हाती आल्या की पुढची प्रत्येक संख्या बिनचूक सांगता येते. त्याच्या स्क्रिप्टने हाच जनरेटर वापरला होता, म्हणजे माझी 'यादृच्छिक' फाइल मुळात कधी यादृच्छिक नव्हतीच. सुरुवातीचा तुकडा आणि चार बाइटमध्ये एकूण लांबी, एवढीच त्या फाइलमधली खरी माहिती. बाकीचे दहा लाख बाइट हा हिशेबाचा परिणाम होता. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्हने १९६५ मध्ये हेच मांडले होते: एखादी मालिका किती यादृच्छिक आहे हे तिच्या रूपावरून ठरत नाही, तिला जन्म देणारा सर्वांत छोटा प्रोग्राम किती लांब आहे यावरून ठरते. एन्ट्रॉपीची माझी चाचणी फक्त रूप पाहत होती. कोणाला अशी फाइल द्यायचीच असेल, तर समोरच्याची स्क्रिप्ट वापरू नका. ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या यादृच्छिक स्रोतातून घ्या, नाहीतर तासभर बसून फासे टाका.

दुसरा हप्ता गेला तो याहून ओबडधोबड युक्तीवर. माझे खरे बॅकअप 'लहान' झाले, उलगडलेही, पण फक्त त्याच संगणकावर. मूळ डेटा त्याने डिस्कच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये हलवलेला होता. डिस्कवरची मोकळी जागा एका बाइटनेही वाढलेली नाही, हे पाहायला मला नऊ दिवस लागले. तिसऱ्या हप्त्याबद्दल काही लिहीत नाही. तो निव्वळ आशेचा होता. एक मात्र सांगते, लहान झालेली फाइल पुन्हा लहान करून दाखव, असे विचारा. दर खेपेला ती लहान होत गेली, तर जगातला सगळा डेटा शेवटी एका बाइटमध्ये मावला पाहिजे, आणि एका बाइटची रूपे फक्त २५६.

तक्रार नोंदवायला गेले, तर समोरच्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न होता, "फाइल तुमच्या डोळ्यांसमोर लहान झाली ना? मग फसवणूक कसली?" बँकेने सांगितले की व्यवहार माझ्या संमतीने झाला आहे. अर्जात फसवणुकीच्या प्रकारांची लांबलचक यादी होती, तिच्यात गणिती अशक्यतेची विक्री बसत नव्हती, म्हणून तो 'इतर' या रकान्यात गेला आणि तिथेच राहिला. तीन आठवड्यांनी पत्र आले: माझे बॅकअप यापेक्षा लहान होऊच शकत नाहीत, असे तज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडावे. आता हसावे की रडावे? असा प्रोग्राम सगळ्या फाइलींवर चालणार नाही, हे शाळकरी मुलालाही सिद्ध करता येईल. पण समोर ठेवलेली एखादी विशिष्ट फाइल आणखी लहान होणार नाही, हे ठरवणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे सिद्ध झालेले आहे. हे मी दोन पानांत लिहून दिले. उत्तर आले की खुलासा 'असंबद्ध' आहे.

शेवटी पुरावा म्हणून प्रात्यक्षिकाची मूळ फाइलच जोडायला घेतली. पोर्टलची मर्यादा १०,००,००० बाइट. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली: फाइल मोठी आहे, कृपया ती कॉम्प्रेस करून पुन्हा जोडावी. ती फाइल लहान करणारा एकच प्रोग्राम माझ्याकडे आहे, आणि त्याचा परवाना गेल्या महिन्यात संपला.