मॅट्रिजेल : पेशी रमतात, पण गारवा जपा

नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेत मी जठराच्या कर्करोगाच्या गाठींतून पेशी वाढवते. रुग्णाने विश्वासाने दिलेला तुकडा जेमतेम मुगाच्या दाण्याएवढा. तो वाया गेला की जेवण गोड लागत नाही. म्हणून पेशी ज्यात वाढवते त्या जेलच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

मॅट्रिजेल उत्तमच. उंदराच्या गाठीतून काढलेलं हे प्रथिनांचं मिश्रण, मुख्यतः लॅमिनिन आणि कोलॅजन. पेशी मिसळून ५० मायक्रोलिटरचा थेंब प्लेटवर सोडायचा, ३७ अंशांवर थोड्याच वेळात तो घट्ट बसतो. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं : पेशींचे काही गोळे बुडबुड्यासारखे पोकळ, काही द्राक्षाच्या घडासारखे भरीव. साध्या प्लास्टिकवर मात्र बहुतेकदा फायब्रोब्लास्टच, म्हणजे कर्करोगाच्या नव्हे तर आधार देणाऱ्या ऊतीच्या पेशी, माजतात.

वापरण्याआधी मात्र उष्णता याला अजिबात सोसत नाही. १० अंशांच्या वर गेलं की घट्ट व्हायला लागतं. बाटली रात्रभर फ्रिजमध्ये बर्फात ठेवून वितळवायची, पिपेटच्या टिपाही आधीच गार करायच्या. मे महिन्यात एका कुरियरवाल्याने पेटी दिवसभर गोदामात ठेवली. उघडली तर कोरडा बर्फ उडालेला, बाटली कोमट. त्या आठवड्यात आलेला नमुना आम्हाला लावताच आला नाही, त्याची हळहळ अजून आहे.

किंमत भारी आहे, आणि प्रत्येक लॉट (उत्पादनाची खेप) थोडा वेगळा निघतो. एका रुग्णाच्या पेशी शक्यतो एकाच लॉटवर वाढवा.