निनावी बँक्सी आणि आपल्या गावचा पेंटर

इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलचा चित्रकार बँक्सी खरे नाव लपवून भिंती रंगवतो. वर्धा-यवतमाळकडचा पेंटर मात्र बियाण्याच्या जाहिरातीखाली स्वतःचे नाव आणि मोबाइल नंबर ठळक लिहितो, कारण पुढचे काम त्यावरच मिळायचे असते. बँक्सी बहुधा विनापरवानगी काम करत असल्याने आधीच कापलेला साचा भिंतीला लावून झटपट फवारा मारतो. आपला पेंटर घरधन्याला विचारून, निळीत बुडवलेल्या सुताने रेघ आखून निवांत अक्षरे भरतो, आणि हाताच्या सफाईत मला तोच सरस वाटतो. पैशांत मात्र तुलनाच नको: २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात विकले जाताच चौकटीतल्या यंत्राने अर्धवट कातरलेले बँक्सीचे चित्र २०२१ मध्ये सुमारे १.८६ कोटी पौंडांना गेले. इकडे दर चौरस फुटावर ठरतो, तोही पुष्कळदा उधारीवर.