शिसं, जस्त, क्रोमियम: कोणत्या गाळाला कोणतं सिमेंट?

धातूंचा घातक गाळ सिमेंटात बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो: ‘किती टक्के सिमेंट घालायचं?’ घोळ इथूनच सुरू होतो. आधी गाळात कोणता धातू आहे ते बघा, मग सिमेंट निवडा. टक्केवारी त्यानंतर.

ठोकळा भक्कम होणं वेगळं आणि धातू आत अडकून राहणं वेगळं. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच 12.5 ते 13च्या आसपास असतो. कॅडमियम आणि निकेल यांची हायड्रॉक्साइडं एवढ्या अल्कलीतही फारशी विरघळत नाहीत, त्यामुळे त्यांना पोर्टलँड चालतं. स्वस्त, सगळीकडे मिळणारं, वापरायला सोपं. अशा गाळासाठी दुसरं काही शोधत बसू नका.

शिसं आणि जस्त मात्र उभयधर्मी, म्हणजे आम्लातही विरघळणारे आणि तीव्र अल्कलीतही. पीएच 9 ते 10च्या आसपास ते सर्वांत कमी विरघळतात; त्याच्या बराच वर गेलात की पुन्हा पाण्यात उतरायला लागतात. म्हणजे शिशाच्या गाळात ‘खबरदारी म्हणून थोडं जास्त’ घातलेलं सिमेंट अंगाशी येऊ शकतं. जस्ताची आणखी एक खोड आहे. ते सिमेंटच्या कणांवर थर धरतं आणि मिश्रण घट्ट व्हायलाच उशीर लावतं.

इथे मॅग्नेशियावर (मॅग्नेशियम ऑक्साइडवर) आधारित बंधक, म्हणजे सिमेंटसारखा बांधणारा पदार्थ, उजवा ठरतो. त्याचा पीएच साधारण 10.5पाशी थांबतो, म्हणजे शिसं-जस्ताच्या सोयीच्या पट्ट्याजवळ. तो महाग पडतो आणि ताकद सावकाश धरतो, पण गाळाच्या ठोकळ्यावर इमारत थोडीच उभी करायची आहे? मॅग्नेशियम फॉस्फेट हा त्याचा तापट भाऊ: काही मिनिटांत घट्ट होतो, मिसळताना गरम होतो, खिसाही जास्त हलका करतो. शिशाचं फॉस्फेट मात्र इतकं कमी विरघळतं की थोड्या, पण जहाल गाळासाठी तो खर्च परवडतो.

हेक्झाव्हॅलंट (+6 अवस्थेतल्या) क्रोमियमची गोष्टच निराळी. तो क्रोमेटच्या रूपात ऋणभारित असतो, त्यामुळे हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतच नाही. पोर्टलँड असो की मॅग्नेशिया, नुसता पीएच इथे कामाचा नाही. आधी क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, तो ट्रायव्हॅलंट (+3) करावा लागतो: एक तर फेरस सल्फेट घालून, नाहीतर स्लॅगचं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं, मिश्र सिमेंट वापरून. स्लॅगमधला सल्फाइड हे काम करतो. अमेरिकेत सव्हाना रिव्हर या अणुकेंद्रात किरणोत्सारी क्षारद्रावण बांधायला 45 टक्के स्लॅग, 45 टक्के फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) आणि जेमतेम 10 टक्के सिमेंट असं मिश्रण अनेक वर्षं वापरलं गेलं. तिथे स्लॅग टेक्नेशियम या किरणोत्सारी धातूला क्षपित करून अडवतो. तत्त्व तेच. स्लॅगची ताकद उशिरा येते, एवढं सोसावं लागतं.

पाऱ्याला यातलं काहीच एकट्याने पुरत नाही. त्याला आधी गंधकाने बांधा.

निवड झाली की चाचणी. टीसीएलपी या घातक पदार्थ पाझरतात का ते पाहणाऱ्या अमेरिकी पद्धतीत बारीक केलेला नमुना त्याच्या 20 पट अॅसेटिक आम्लाच्या द्रावणात सुमारे 18 तास घुसळतात. शिशाची मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम. पण अहवालात एवढाच आकडा पाहून खूश होऊ नका. घुसळून झाल्यावर द्रावणाचा पीएच किती होता, तेही प्रयोगशाळेला विचारा. सिमेंटची अल्कली आम्ल खाऊन टाकते आणि पीएच योगायोगाने 9-10वर थांबला तर शिसं फार कमी दिसतं. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच ठोकळ्याचा पीएच वर्षानुवर्षं खाली आणत राहतो. म्हणून एकाच आकड्यावर न थांबता, आपल्याच गाळाचे दोन-तीन मिश्रणांचे छोटे नमुने करून ते वेगवेगळ्या पीएचला पाझरवून बघा आणि त्या आकड्यांवर सिमेंट ठरवा.