रॅप्टर 700आर की वायएफझेड 450आर? दुबईच्या वाळूत दोन्ही चालवून झाल्यावर

दोन्ही यामाहाच्याच क्वाड बाइक, म्हणजे वाळूत चालवायच्या चारचाकी बाइक, म्हणून ब्रँडवरून वाद नको. मी आधी दोन सीझन वायएफझेड चालवली, आता तिसरं वर्ष रॅप्टरवर आहे, दोन्ही सेकंडहँड घेतलेल्या, आणि चालवणं बहुतेक हत्ता रोडला बिग रेड या मोठ्या ड्यूनच्या, म्हणजे वाळूच्या टेकडीच्या आसपास, नोव्हेंबर ते मार्च. तेवढ्याच अनुभवावर बोलतोय, तुम्ही ट्रॅकवर चालवणार असाल तर तुमचं मत वेगळं पडू शकतं.

हँडलिंगला वायएफझेडच सरस. रुंद, बसकी, मनात आणलं की वळते, लागोपाठ उंचवटे आले तरी कंबरेला फारसं जाणवत नाही. रॅप्टर उंच वाटते, वळणावर अंग आत झोकावंच लागतं आणि चढावर अंगठ्याने थ्रॉटल जरा जास्त दाबला की पुढची चाकं उचलते. सवयीला मला महिनाभर लागला.

पण वाळूत ताकद कुठून सुरू होते ते बघा. 450 चं इंजिन सतत वरच्या आरपीएमला ठेवावं लागतं, चढाच्या मध्यावर गिअर चुकला की दम गेलाच. रॅप्टरचा 686 सीसीचा एकच सिलिंडर खालपासून ओढतो, मी बरेच चढ तिसऱ्या गिअरवर न बदलता काढतो.

माझं मन मात्र रिव्हर्स गिअरने फिरवलं. वायएफझेडला तो नाही, रेससाठी बनवलेली गाडी आहे त्यामुळे चूक तिची नाही, पण एकदा ड्यूनच्या कड्यावर मागची चाकं पार अ‍ॅक्सलपर्यंत रुतली, उतरलो, मागचा बार धरून उचलायला गेलो तर 180 किलोच्या वरचं धूड, पायाखालची वाळू सरकतेय, आणि सगळं लक्ष पलीकडून कुणाच्या गाडीच्या उंच काठीवरचा झेंडा वर येतोय का याच्याकडे, कारण समोरून चढणाऱ्याला मी दिसणारच नाही. असं एका सकाळी तीनदा झालं. रॅप्टरला रिव्हर्स टाकतो, वीतभर मागे घेतो, तोंड वळवतो, झालं.

टिकण्याच्या बाबतीत दोन्ही चांगल्या, फक्त 450 जास्त लक्ष मागते, रेस इंजिन म्हटल्यावर व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) कधी तपासली आणि ऑइल बदलून किती तास झाले ते वहीत लिहून ठेवावे लागतात. रॅप्टरलाही ऑइल आणि फिल्टर वेळेवर हवंच, पण ती थोडं सांभाळून घेते असं मला तरी वाटलं.

वय कमी असेल, सोबत नेहमी दोनतीन जण असतील, उड्या मारायच्या असतील तर वायएफझेड घ्या, मजा तिच्यात जास्त आहे. बाकी ड्यूनच करायचे असतील तर मी रॅप्टरच म्हणेन. आणि सेकंडहँड बघायला जाल तेव्हा सीट काढून एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा उघडा, फिल्टर बाहेर घ्या आणि इंजिनकडच्या तोंडात बोट फिरवा. बोटाला लाल वाळू लागली तर ती फिल्टर ओलांडून इंजिनकडे गेलीय, मग गाडी कितीही चकाचक असू दे, घेऊ नका.