म्हातारं मांजर रात्री ओरडतं: दार लावायचं की उघडं ठेवायचं?

मांजर बारा-चौदा वर्षांचं झालं आणि रात्री दोन-तीनच्या सुमाराला घर डोक्यावर घ्यायला लागलं, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हॉलमध्ये ठेवा, बेडरूमचं दार लावा, होईल आपोआप गप्प. दुसरा म्हणतो, आत घ्या बिचाऱ्याला. मी दोन्ही करून पाहिलं आहे. दोन्हींत काही ना काही सोसावं लागतं.

असं ओरडणं आजारामुळेही असू शकतं, म्हणून तपासण्या झाल्या आहेत असं धरून चालतो: थायरॉईडसाठी रक्तातलं टी-४, मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी. राहून जातो तो रक्तदाब. तो बहुतेकदा आपणहून मागावा लागतो. वरचा आकडा सतत १६० च्या पुढे असेल तर औषधाचा विचार करावा लागतो. १८० च्या पुढे डोळ्याचा पडदा सुटून मांजर अचानक आंधळं होऊ शकतं, आणि मग अंधारात ते ओरडणारच. सांधेही बघून घ्या. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नका, एका गोळीनेही मांजर दगावतं.

आता दार. बंद दाराने माणसांची झोप वाचते, हे खरं आहे आणि ते लहानसहान नाही. हा मार्ग घ्यायचा तर साडेदहा-अकराला शेवटचं खाणं द्या; पाणी, लिटर ट्रे (शी-शूचा) आणि अंथरूण एकाच खोलीत ठेवा. तरुण मांजर लक्ष वेधायला ओरडत असेल तर दोनेक आठवडे घट्ट राहिल्यावर फरक पडतो.

गोची होते ती दार उघडण्याच्या क्षणी. दुर्लक्ष सुरू केलं की पहिल्या काही रात्री ओरडणं वाढतं. चाळीस मिनिटं कसंबसं सोसून आपण उठतो, आणि चाळीस मिनिटं ओरडलं की दार उघडतं एवढंच मांजर शिकतं. हे तरुण मांजराचं झालं. म्हाताऱ्याचा प्रश्न वेगळा. ऐकू कमी येतं, त्यामुळे स्वतःचा आवाजही कळत नाही आणि तो चढत जातो. ते पॅसेजच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहतं आणि पोटातून लांबलचक हाक काढतं. आपण कुठे आहोत हेच त्याला समजत नसतं. त्याला धडा काय शिकवणार? आपला वास आणि ऊब एवढ्या दोन खुणा त्याच्याकडे उरलेल्या असतात, आणि बंद दार त्याच काढून घेतं. माझा कौल इथे फिरला.

उघड्या दाराला मात्र तयारी लागते. पॅसेजमध्ये आणि ट्रेजवळ झिरोचा दिवा रात्रभर चालू ठेवा. ट्रेची एक बाजू कापून कड सात-आठ सेंटिमीटरवर आणा, नाहीतर दुखऱ्या पायांनी ते ट्रेबाहेरच शी-शू करेल. पलंगाशी पंधराएक सेंटिमीटर उंचीची पायरी ठेवा. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकून खालून घसरू न देणारी जाळी लावा. फर्निचर हलवू नका. थंडीत गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून अंथरुणाच्या एकाच कडेला ठेवा, म्हणजे नको वाटल्यास त्याला बाजूला सरकता येतं.

हाक आली की पलंगावरून नावाने बोलावण्यात फारसा अर्थ नाही, ऐकू येत नसतं. दिवा लावा, जवळ जाऊन तळहात जमिनीवर दोनदा आपटा. कंप पायांना कळतो. मग हात नाकाशी न्या, वास घेऊ द्या आणि त्यानंतरच पाठीवरून फिरवा. मागून उचललं तर ते दचकतं आणि नखं लागतात. या वेळी खायला देऊ नका, नाहीतर रोजची तीनची न्याहारी ठरून जाईल. भुकेचीच शंका असेल तर वेळ लावून उघडणारा डबा साडेचारला लावा; डबा उघडतो तो आपल्याला उठवून नव्हे.

पहाटे अंगावरून चालणं, उशीवर केस, ट्रे उकरण्याचा आवाज हे सगळं पदरी येतं. घरात दम्याचा पेशंट किंवा तान्हं बाळ असेल तर मी आग्रह धरणार नाही. अशा घरात जाळीचं दार बरं: वास येतो, दिवा दिसतो, मांजर बाहेर राहतं.

दहा-बारा रात्रींत उतार पडला नाही तर ओरडतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जा. मांजर कसं उभं आहे, कुठे बघतंय, हे त्यात दिसायला हवं. डॉक्टर गॅबापेंटिनसारखं, दुखणं आणि अस्वस्थता कमी करणारं औषध सुचवू शकतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याची मात्रा कमी ठेवावी लागते, म्हणून क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट सोबत न्या.