आउटडोअर वायरलेस ब्रिज : खानापूर तालुक्यात एक पावसाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो. वायरलेस ब्रिज म्हणजे एका जागेचं नेट हवेतून दुसऱ्या जागी पोचवणारी रेडिओंची जोडी. वस्तू चांगली आहे, घ्यायला हरकत नाही. पण बॉक्समध्ये सोबत जे येतं आणि दुकानदार जी वायर गळ्यात मारतो, त्यावर आमच्याकडचा पावसाळा निघत नाही.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या अलीकडे. गावातल्या घरात फायबर आहे. शेतातलं घर तिथून साधारण दोन किलोमीटर, मध्ये ओढा, काजूची बाग आणि बांधावर साग. मोबाईलची रेंज माळावर चढलं तरच मिळते. म्हणून शिमग्याच्या सुमारास पाच गिगाहर्ट्झचे दोन रेडिओ बसवले, एक गच्चीवर, दुसरा शेतावर जीआय पाइपवर. सिग्नल उणे ६० डीबीएमच्या आसपास आला (हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर). उन्हाळाभर पुतणी तिथूनच ऑफिसचं काम करत होती, एकदाही तक्रार नाही.

मिरग लागला आणि लिंक तुटायला लागली. कधी मिनिटभर, कधी रात्रभर. दुकानदाराचं म्हणणं, "पावसात असं व्हायचंच." हे उत्तर बहुतेकांना मिळतं, आणि ते बरोबर नाही. एवढ्या अंतरात पाच गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाच्या थेंबांनी म्हणण्यासारखा फरक पडत नाही. तो त्रास साठ गिगाहर्ट्झसारख्या वरच्या पट्ट्यांना होतो. पाऊस बाधतो तो वायरीला, विजेला आणि झाडांच्या पानांना. यातलं नेमकं काय, ते रेडिओचं सेटिंगचं पान उघडलं की कळतं. 'अपटाइम', म्हणजे रेडिओ किती वेळ सलग चालू आहे तो आकडा, शून्यापासून सुरू झालेला दिसला तर रेडिओ बंद पडून चालू झालाय, म्हणजे विजेचं दुखणं. अपटाइम शाबूत आणि सिग्नल घसरलेला असेल तर वाटेत अडथळा आहे किंवा पाइप हलून तोंड फिरलंय. दोन्ही ठीक, तरी नेट रडतंय, तर लॅन पोर्टचा, म्हणजे नेटची वायर जिथे जोडतात त्या खाचेचा वेग बघा; १०० ऐवजी १० दाखवत असेल तर वायर किंवा कनेक्टर गेला.

आमच्याकडे पहिली दोन्ही दुखणी एकदम निघाली.

विजेचं आधी. नेटचा डेटा ज्या लॅन वायरीतून येतो, तिच्यातूनच या रेडिओला २४ व्होल्ट डीसी जातो. डेटा १, २, ३, ६ या पिनांवर, वीज ४-५ आणि ७-८ वर. आर्द्रात जरा उघडीप मिळाली तेव्हा खानापूरहून वायरिंगचं काम करणारा पोरगा आला, शिडी लावून त्यानं कनेक्टर खाली आणला. "काका, हे बघा," म्हणत पुढे धरला. ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर हिरवा थर, बोटाला पूड लागेल इतका, आणि ७-८ जवळजवळ स्वच्छ. ओल शिरली की डीसीच्या धन बाजूचा धातू आधी खाल्ला जातो, म्हणून हा फरक. मग घरातलं अडॅप्टरकडचं टोक काढलं, तर त्यातून पाणी ओघळलं. आवरणाच्या आतून ते वरून घरापर्यंत उतरलं होतं.

त्यानं वायर कापून ब्लेडनं खरवडली. वरचा तांबडा रंग गेला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम निघालं. अशा मुलामा दिलेल्या वायरीचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. आमची वायर साठ मीटर, संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की घरातलं व्होल्टेज पडायचं, त्यात अडॅप्टर साधा. रेडिओ तग कसा धरणार?

आता शुद्ध तांब्याची, काळ्या आवरणाची, उन्हात टिकणारी आउटडोअर वायर ओढली आहे. रेडिओच्या खाली वायरीला एक झोल सोडलाय, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं, कनेक्टरकडे जात नाही. घरात शिरण्याआधी तसाच दुसरा. अडॅप्टर छोट्या यूपीएसवर आहे. तेव्हापासून रेडिओ आपोआप बंद पडलेला नाही.

तरी मुसळधार पावसात सिग्नल उणे ७८ पर्यंत जायचा. याचं कारण बांधावरचा साग. बसवताना त्याची पानं झडलेली होती, समोरची गच्ची स्वच्छ दिसत होती. पावसाळ्यात सुपाएवढी पानं आली, ती भिजली, आणि भिजलेलं पान या लहरी शोषून घेतं. दोन किलोमीटरच्या लिंकला मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे पाच मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, निदान तीन मीटर तरी. नुसतं टोक दिसलं म्हणजे भागलं असं नाही. साग तोडायचा नव्हता, म्हणून पाइप दहा फूट उंच करून ताणाच्या तारा मारल्या. आता भर पावसातही उणे ६४-६५ राहतो.

चॅनेल 'ऑटो'वर ठेवू नका. रडारला अडथळा न आणता वापरायच्या चॅनेलवर रेडिओ गेला, तर प्रसारण सुरू करण्याआधी निदान मिनिटभर नुसता ऐकत बसतो. १४९ च्या पुढचा एखादा चॅनेल बघून पक्का करा.

वळवाच्या विजा सुरू झाल्या की अडॅप्टरचा प्लग काढून पुरत नाही, छतावरून येणारी लॅन वायरही राउटरमधून काढायची. पाइपला अर्थिंग हवंच.

कंपनीवर माझा राग एकाच गोष्टीचा आहे. वायर जिथून आत जाते तिथे खालच्या झाकणाला रबरी सील नाही. वर्षभर बाहेर भिजणाऱ्या वस्तूला ते द्यायलाच हवं होतं. आम्ही तिथे सेल्फ-बाँडिंग टेप (स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी) गुंडाळली.

समोरचा पाइप भर श्रावणातही डोळ्यांना दिसणार असेल तर खुशाल घ्या. मध्ये डोंगराची सोंड किंवा दाट रान असेल तर टेकडीवर आणखी एक टप्पा लागेल, तेव्हा तिथे वीज कुठून आणायची ते ठरवून मगच पैसे भरा.