कॅडेट प्रोग्रॅम की तुकड्या-तुकड्यानं सीपीएल?

बारावीला फिजिक्स-मॅथ्स झालंय, पायलट व्हायचं पक्कं आहे आणि घरात टेबलावर दोन कागद पडलेत. एक विमान कंपनीच्या कॅडेट प्रोग्रॅमचा, म्हणजे कंपनी आधी निवडते आणि सगळं प्रशिक्षण एका पॅकेजमध्ये होतं. दुसरा फ्लाइंग स्कूलच्या ताशी दरांचा, म्हणजे एकेक टप्पा आपणच जुळवायचा. लायसन दोन्हीकडे तेच मिळतं, सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलट लायसन, आणि त्यासाठी उडायचे २०० तासही तेच. मुख्य फरक असतो तो हा, की घरचा पैसा केव्हा आणि किती घट्ट अडकतो. मी दुसरा रस्ता धरला, त्यामुळे माझा कल लपणार नाही. पण पहिल्यात दम नाही असं मुळीच म्हणणं नाही.

कॅडेट प्रोग्रॅमची मोठी जमेची बाजू म्हणजे निवड आधी होते. मोठी रक्कम जाण्याआधीच कळतं की मुलगा किंवा मुलगी या कामात बसते की नाही. ग्राउंड (वर्गातला अभ्यास), फ्लाइंग, मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान), टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) सगळं एका ओळीत लागतं. शिवाय सिनिऑरिटी. कंपनीत कमांडची, म्हणजे कॅप्टन होण्याची, रांग बहुधा रुजू झाल्याच्या तारखेवर चालते आणि कंपनी बदलली की पुन्हा शेवटून उभं राहावं लागतं. लवकर आत शिरण्याला म्हणूनच खरी किंमत आहे.

पण हातात पडतं ते सशर्त पत्र. 'कंपनीची गरज असल्यास' या अर्थाचं वाक्य त्यात कुठेतरी असतंच. प्रशिक्षणाला दीड-दोन वर्षं लागतात आणि तेवढ्यात हा धंदा कूस बदलतो. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये. मार्च २०२० पासून देशातली प्रवासी विमानं दोन महिने जमिनीवर होती. गो फर्स्टनं ३ मे २०२३ ला उड्डाणं बंद केली. विमानं होती, पण बऱ्याच विमानांची इंजिनं चालू स्थितीत नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियानं ४७० आणि जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर जाहीर केली. म्हणजे ऑर्डर आणि नोकरी यांची वर्षं जुळतीलच असं नाही.

माझ्यापुरता निकाल मात्र यावर लागला नाही. तो लागला फी भरण्याच्या वेळापत्रकावर. बहुतेक पॅकेजांत हप्ता तारखेला जातो, उडलेल्या तासांवर नाही. विमान मात्र तारखेवर उडत नाही. पावसाळ्यात ढग खाली असतात, हिवाळ्यात सकाळी धुकं, कधी इन्स्ट्रक्टर नाही, कधी विमान १०० तासांच्या तपासणीला हँगरमध्ये आणि एखादा पार्ट यायचाय. लॉगबुकात ४० तास आणि खात्यातून तीन चतुर्थांश फी गेलेली, अशी स्थिती आली की हातात काहीच उरत नाही. स्कूल बदलता येत नाही, थांबताही येत नाही.

व्याज तर थांबतच नाही. ८० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतलं तर पूर्ण रक्कम उचलल्यावर नुसतं व्याज महिन्याला ७० हजार होतं आणि १५ वर्षांचा हप्ता जवळपास ८८ हजार. एवढ्या कर्जाला तारण लागतं, म्हणजे बहुधा राहतं घर. सहा महिने उशीर झाला की चार लाख वीस हजार नुसते व्याजाचे.

दुसऱ्या रस्त्यात पैसा उशिरा आणि थोडा-थोडा जातो, फक्त क्रम सांभाळावा लागतो. आधी क्लास २ मेडिकल आणि त्यापाठोपाठ क्लास १ (वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीचे दोन टप्पे), ते हातात येईपर्यंत कुठेही मोठी रक्कम भरायची नाही. मग डीजीसीएचा (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा) कंप्युटर नंबर, म्हणजे परीक्षेचा नोंदणी क्रमांक, आणि पेपर: नेव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन्स, टेक्निकल. पासिंग ७० टक्क्यांना. हे सगळं आपल्या इंदूरला घरी राहून, कॉलेजची डिग्री चालू ठेवून होतं. आरटीआरची (विमानातल्या रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची) तयारीही याच काळात करावी. डिग्रीला मी फार महत्त्व देतो. भरती बंद असलेल्या दोन वर्षांत तिच्यावर दुसरं काम मिळतं.

स्कूल निवडताना ब्रोशर बाजूला ठेवून एकच हिशेब करावा. आज उडण्याजोगी विमानं किती आणि विद्यार्थी किती? चार विमानं, प्रत्येकी महिन्याला ६० तास, म्हणजे २४० तास. विद्यार्थी ६० असतील तर वाट्याला महिन्याला चार तास, आणि २०० तासांना चार वर्षांहून जास्त. तेच विद्यार्थी २० असतील तर महिन्याला १२ तास आणि १७ महिने. हँगरमध्ये स्वतः जाऊन मोजा. काऊल (इंजिनावरचं झाकण) उघडं टाकलेलं, खाली ट्रे ठेवलेलं विमान चालू विमानात धरू नका.

इंदूरच्याच विमानतळावर उडावं का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. घरचं जेवण मिळतं, राहण्याचा खर्च वाचतो, मोठ्या विमानांमध्ये आरटी (रेडिओवरचं बोलणं) पक्की होते. पण प्रवासी विमान येतंय म्हटल्यावर आपल्या छोट्या सेस्नाला होल्डिंग पॉइंटवर (धावपट्टीआधीच्या थांब्यावर) थांबावं लागतं. उड्डाणाचा वेळ विमान हलल्यापासून मोजतात, म्हणजे त्या थांबण्याचेही पैसे लागतात. सर्किटचा (उडून, फेरी मारून पुन्हा उतरण्याचा) सराव सागरजवळच्या धाना किंवा गोंदियासारख्या ठिकाणी जास्त मोकळा होतो. राहण्याचा खर्च धरूनही ते जमत असेल तर मला ते बरं वाटतं.

या रस्त्यातला धोका म्हणजे ढिलाई. कुणी मागे लागत नाही. पेपरच्या निकालांना मुदत असते, आणि सीपीएलच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत १५ तास उडलेले लागतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर, बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडवण्याची पात्रता) वर्षभर चालतं. म्हणून मल्टी-इंजिन आणि आयआर सगळ्यात शेवटी, भरतीची चाहूल लागल्यावर करावं. आधी उरकलं तर चेकचे (परीक्षेच्या उड्डाणाचे) पैसे पुन्हा जातात. टाइप रेटिंग तर ऑफर हातात आल्याशिवाय करूच नये. एअरबस ३२० वर १५ लाखांच्या आसपास घालवावेत आणि बोलावणं एटीआर या वेगळ्याच विमानाचं यावं, असंही होतं. वर्षभर सिम्युलेटरला हात लागला नाही तर ते रेटिंगही शिळं होतं.

घर तारण न ठेवता पैसा उभा राहत असेल, वय १८-१९ असेल आणि कंपनी सध्या खरोखर माणसं घेत असेल, तर कॅडेट प्रोग्रॅम चांगला पर्याय ठरू शकतो. फक्त सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: हप्ते पूर्ण झालेल्या तासांना जोडलेले, न उडलेल्या तासांचा परतावा किती दिवसांत, आणि कंपनीनं नोकरी दिली नाही तर टाइप रेटिंगची रक्कम वगळणार की नाही. पहिल्या मुद्द्यालाच टाळाटाळ झाली तर मी ताशी दराचा कागद उचलेन.